ओकाचे जहाज, सागाचे जहाज

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. माळशेज उतरून कल्याण गाठावे तेव्हा कुठे खारा वारा लागतो. आमच्याकडे पाण्याचा विषय निघतो तो भंडारदऱ्याच्या आवर्तनाचा नाही तर टँकरचा. अशा जिल्ह्यात बसून एका फ्रेंच लढाऊ जहाजाविषयी लिहायचे म्हणजे वाचक भुवया उंचावणारच. पण या विषयाकडे मला नेले ते नगरच्या किल्ल्याने.

पंडित नेहरू या किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत कैदेत होते. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी इथे ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. इंग्रजी अमलापूर्वीच्या आणि सुरुवातीच्या काळातल्या हिंदी उद्योगांची स्थिती सांगताना त्यात जहाजबांधणीचा एक ओझरता उल्लेख येतो. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत एका इंग्रज ॲडमिरलचे निशाणाचे जहाज हिंदुस्थानात, एका हिंदी पेढीने बांधलेले होते, एवढाच त्याचा आशय. जहाजाचे नाव नाही, पेढीचेही नाही. तुरुंगात संदर्भग्रंथ किती मिळणार? पण ते वाक्य वाचल्यापासून प्रश्न डोक्यात राहिला: मुंबईच्या गोदीतल्या त्या जहाजांचे पुढे काय झाले? त्यांचा माग काढत गेलो तो इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरात पोचलो. तिथे १९३२ ते १९४९ अशी सतरा वर्षे दोन म्हातारी जहाजे शेजारी शेजारी नांगरून होती. एक फ्रान्समधले, ओकाचे. दुसरे मुंबईचे, सागवानी. दोन्हींवर पोरांची शाळा भरत असे.

आधी फ्रेंच जहाजाची हकिकत सांगतो.

ते मार्च १८०० मध्ये फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रोशफोर बंदरात पाण्यात उतरले. नाव ‘द्युगे-त्रुएँ’. हा सॅं-मालो गावचा दर्यावर्दी. सरकारी परवान्याने शत्रूची व्यापारी जहाजे लुटता लुटता तो नौदलात चढला आणि १७११ मध्ये त्याने थेट रिओ दि जानेरो शहर खंडणीसाठी काबीज केले. आपल्या कान्होजी आंग्र्यांचा हा समकालीन. इंग्रजांच्या कागदांत दोघांचीही संभावना साधारण एकाच शब्दाने होते हे सांगायला नको. जहाजावर ७४ तोफा होत्या. त्या काळच्या युरोपीय आरमारांचा कणा म्हणजे हीच ७४ तोफांची जहाजे: शत्रूसमोर रांगेत उभी राहण्याइतकी दणकट आणि तरी वाऱ्यावर चपळ. आराखडा झाक-नोएल साने याचा. उच्चार अगदी आपल्या सान्यांसारखाच, त्यामुळे पहिल्यांदा वाचताना मला उगीचच ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटले. हा साने त्या शतकातल्या सर्वोत्तम जहाजरचनाकारांपैकी एक होता. त्याचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

या जहाजाचे फ्रेंच आयुष्य जेमतेम पावणेसहा वर्षांचे. कॅरिबियन समुद्रातल्या सँ-दोमँग, म्हणजे आजच्या हैतीत गुलामांनी बंड करून सत्ता घेतली होती. ती मोडायला नेपोलियनने जे आरमार पाठवले त्यात हे होते. जुलै १८०३ च्या अखेरीस इंग्रजांच्या नाकेबंदीतून ते कसेबसे निसटले आणि युरोपकडे निघाले. ते अटलांटिक ओलांडत होते त्याच ऑगस्टमध्ये, ८ तारखेला, आर्थर वेलस्लीने नगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावल्या. पेठ त्याच दिवशी पडली, किल्ला १२ तारखेला शिंद्यांच्या हातून गेला. या वेलस्लीचीही गाठ पुढे पुन्हा पडेल, पण एका जहाजाच्या रूपात.

२१ ऑक्टोबर १८०५ ला ट्रफाल्गरची लढाई झाली. ‘द्युगे-त्रुएँ’ आघाडीच्या तुकडीत होते. नेल्सनने रांग मधोमध फोडली, त्यामुळे आघाडी लढाईबाहेर राहिली, आणि ती वळून मदतीला येईपर्यंत निकाल लागून गेला होता. तुकडीचा प्रमुख द्युमान्वार चार जहाजे घेऊन निघून गेला. याबद्दल फ्रेंच इतिहासकार त्याला अजून क्षमा करत नाहीत. पण निसटणे पंधरा दिवसांपुरतेच ठरले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्पेनच्या उत्तर किनाऱ्याजवळ स्ट्रॅचनच्या तुकडीने चौघांना गाठले. कप्तान तुफे मारला गेला, चारही जहाजे पकडली गेली. इंग्रजांनी याचे नाव ठेवले ‘इम्प्लॅकेबल’, म्हणजे कधी न शमणारा.

पकडलेले जहाज दुरुस्त करून आपल्याच आरमारात घालणे हा तेव्हाचा रिवाज. त्यात पैसा वाचे आणि शत्रूची विद्याही हाती लागे. इंग्रज अधिकारी फ्रेंच जहाजांच्या घडणीवर लुब्ध असत. ‘इम्प्लॅकेबल’ने १८०८ मध्ये बाल्टिक समुद्रात रशियाविरुद्ध मोठी झुंज दिली, १८४० मध्ये ते सीरियाच्या किनाऱ्यावर होते. मग वाफेची इंजिने आली आणि शिडाच्या लढाऊ जहाजांचे दिवस भरले.

आता मुंबईकडे वळू. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आला. त्याच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षे गोदीचे मुख्य कारागीरपद सांभाळले. १८०० च्या आसपास हे पद त्याचा नातू जमशेदजी बमनजीकडे होते. वाडिया घराण्याच्या इतिहासात एक गोष्ट सांगतात: ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या फ्रिगेटच्या आतल्या तुळईवर, सहज नजरेस पडणार नाही अशा जागी, जमशेदजीने कोरून ठेवले की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले, सन १८००. ‘काळ्या’च्या आधी एक इंग्रजी शिवीही होती, गोदीत कानावर पडणारी. बरीच वर्षे गेल्यावर जहाज दुरुस्तीला परत आले तेव्हा त्याने स्वतःच ते दाखवले म्हणे. गोष्ट तंतोतंत खरी असो वा नसो, ती जपून ठेवावीशी वाटली यातच बरेच काही आले.

१८१० मध्ये ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचे जहाज मुंबईत तयार झाले. इंग्लंडबाहेर, हिंदी कारागिरांनी बांधलेले या दर्जाचे ते पहिले. नेहरूंच्या त्या वाक्यासाठी पहिल्यांदा याचेच नाव सुचते. (अमेरिकेचे राष्ट्रगीत ‘मिंडेन’वर लिहिले गेले, हे आपल्याकडे लेखांमागून लेखांत छापले जाते. ते खरे नाही. फ्रान्सिस स्कॉट की बाल्टिमोरचा भडिमार पाहत होता तो तहाच्या पांढऱ्या निशाणाखाली आलेल्या एका अमेरिकन गलबतावरून. आपला अभिमान अशा उसन्या अलंकारावर उभा करायची गरज नाही.)

ऑक्टोबर १८१२ मध्ये इंग्लंडच्या नौदलाने मुंबईला आणखी एका फ्रिगेटची मागणी दिली. तिचा आराखडा ज्यावर बेतला होता ते जहाज ‘एबे’. तेही मूळचे फ्रेंच, १७८२ मध्ये सॅं-मालोत, म्हणजे द्युगे-त्रुएँच्याच गावी बांधलेले आणि त्याच वर्षी इंग्रजांनी पकडलेले. इंग्रजांना त्याची घडण इतकी आवडली की तिच्या रेषा जशाच्या तशा उतरवून त्यांनी फ्रिगेटींची एक मालिकाच बांधली. ‘एबे’चा रचनाकार कोण? तोच साने. पोर्ट्समथमध्ये शेजारी उभी राहिलेली ती दोन जहाजे, एक रोशफोरचे, एक मुंबईचे, अशी एकाच माणसाच्या पाटावरून उतरलेली होती.

आराखडे मुंबईला निघाले ‘जावा’ या फ्रिगेटवरून. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठले, चाळण केली आणि पेटवून दिले. नकाशे समुद्रात गेले. त्याच जहाजावर मुंबईला निघालेला एक सेनापती होता, टॉमस हिस्लॉप. मराठी वाचकाला हे नाव परके नसावे. महिदपूरला होळकरांचा पराभव करणारा आणि थाळनेरच्या किल्लेदाराला फासावर देणारा तो हाच. अमेरिकनांनी त्याला सोडून दिले आणि तो पुढे यथावकाश हिंदुस्थानात पोचला. आराखड्यांच्या नव्या प्रती मात्र करून पाठवाव्या लागल्या. त्यामुळे कणा मांडायला १८१६ साल उजाडले. पारशी रिवाजाप्रमाणे मुख्य कारागिराने कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरले, नाव ‘त्रिंकोमाली’, खर्च सुमारे २३ हजार पौंड. बरोबर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाईची अखेर सुरू झाली.

हे साल वाचून मी थोडा थबकलो. वाडियांच्या गोदीबद्दल आपण लिहितो तेव्हा सूर नेहमी अभिमानाचा असतो, आणि कारागिरीबद्दल तो रास्तही आहे. पण ही जहाजे कोणासाठी होती? मुंबईतच बांधलेल्या दुसऱ्या ‘कॉर्नवॉलिस’वर, ७४ तोफांच्या, ऑगस्ट १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि चीनला हाँगकाँग सोडावे लागले. सागवान कुठून आले? बरेचसे मलबारातून. १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला तिथल्या जंगलांचा संरक्षक नेमले. संरक्षण म्हणजे सागावर कंपनीची मक्तेदारी आणि रयतेला कुऱ्हाडबंदी. लोकांची तक्रार इतकी वाढली की १८२३ मध्ये टॉमस मन्रोने ते पदच रद्द केले. नगरच्या किल्ल्यात लिहिलेल्या त्या अभिमानाच्या वाक्याशेजारी मला हेही लिहून ठेवावेसे वाटते.

आता शाळेविषयी. १८५३ पर्यंत इंग्रज नौदलात खलाशी कायम नोकरीत नसे. जहाज सज्ज झाले की माणसे भरायची, परत आले की हिशेब करून सोडून द्यायची. युद्धकाळात बंदरांतून माणसे जबरीने उचलत. १८५३ मध्ये दीर्घ मुदतीची नोकरी सुरू झाली आणि लहानपणापासून तयार केलेल्या मुलांची गरज पडली. पोरांना ठेवायचे कुठे? बंदरोबंदरी निकामी जहाजे पडून होतीच. ‘इम्प्लॅकेबल’ १८५५ मध्ये डेव्हनपोर्टला मुलांचे शिक्षण-जहाज झाले. चौदा-पंधरा वर्षांची मुले तिथे दोऱ्यांच्या गाठी, शिडे बांधणे, होडी वल्हवणे, तोफेची कवायत शिकत. आघाडीच्या युद्धनौका वाफेवर चालू लागल्या तरी कित्येक वर्षे डोलकाठीवर चढणे हाच अभ्यासक्रमाचा गाभा राहिला. शिडांनी माणूस घडतो यावर नौदलाची श्रद्धा होती. ती आजही संपलेली नाही, नाहीतर आपल्या नौदलाने गोव्यात ‘तरंगिणी’ बांधून घेतली नसती.

‘त्रिंकोमाली’ची वाटही तीच. १८१९ मध्ये ती इंग्लंडला पोचली तेव्हा युद्ध संपून चार वर्षे झाली होती. पंचवीसेक वर्षे ती नुसती पडून राहिली, मग वेस्ट इंडीज आणि प्रशांत महासागरात दोन फेऱ्या करून आली. १८६० नंतर आधी संडरलंड, मग हार्टलपूल आणि साउदॅम्प्टनला राखीव दलाचे खलाशी तिच्यावर शिकले.

आता तो वेलस्ली. नगर घेणाऱ्या आर्थर वेलस्लीचे, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाव दिलेले ७४ तोफांचे जहाज फेब्रुवारी १८१५ मध्ये मुंबईत पाण्यात उतरले. याचेही मूळ नकाशे ‘जावा’वर बुडाले. वाडियांनी थांबण्याऐवजी हाताशी असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या घडणीवरून ते बांधून काढले. १८३९ मध्ये या जहाजाने कराची घेतली. त्यावर निशाण होते ॲडमिरल मेटलंडचे, ज्याच्यापुढे १८१५ मध्ये रोशफोरजवळ नेपोलियन शरण आला होता. मेटलंड त्याच वर्षी मुंबईजवळ याच जहाजावर वारला. फोर्टातल्या सेंट टॉमस कॅथीड्रलमध्ये त्याचे स्मारक आहे. पुढच्या वर्षी हेच जहाज चीनवर चालून गेले.

१८६८ मध्ये ‘वेलस्ली’चे नाव बदलून ‘कॉर्नवॉल’ केले आणि ते टेम्स नदीत आणून ठेवले. ही शाळा वेगळी होती. चोरीमारी करताना पकडलेल्या, न्यायाधीशाने पाठवलेल्या मुलांचे ते सुधारगृह. म्हणजे मलबारचा साग, मुंबईचे सुतार, नगरच्या विजेत्याचे नाव, आणि आत लंडनच्या गल्ल्यांतली गरीब पोरे, शिक्षा भोगत दोर वळणारी. पाण्यावर तरंगणारा तुरुंग इंग्रजांना नवा नव्हता. किल्ल्याचा तुरुंग करायलाही त्यांना वेळ लागत नसे, हे नगरकरांना ठाऊक आहे. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बफेकीत हे जहाज टेम्समध्ये बुडाले. शत्रूच्या हल्ल्यात बुडालेले त्या जातीचे ते शेवटचे जहाज. युद्धानंतर त्याचे काही लाकूड लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीत वापरले गेले. ज्या पोरांना कोर्टाने या जहाजावर पाठवले होते त्यांना यावर काय वाटले असते कोण जाणे.

विसाव्या शतकाच्या तोंडावर उरलेली दोन्ही जहाजे भंगाराच्या यादीत आली. त्यांना वाचवले एका हौशी श्रीमंताने. जेफ्री व्हीटली कॉब याने नेल्सनचे जुने ‘फुद्रोआयाँ’ जहाज विकत घेऊन त्यावर मुलांना शिकवायचे ठरवले होते. जून १८९७ मध्ये ते ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. मग त्याने भंगारवाल्याकडून ‘त्रिंकोमाली’ घेतली आणि तिला बुडालेल्या जहाजाचेच नाव दिले. यामुळे मुंबईची ही नौका जवळजवळ नव्वद वर्षे एका फ्रेंच नावाखाली वावरली. ‘इम्प्लॅकेबल’ विकले जाऊ नये म्हणून खुद्द सातव्या एडवर्डने शब्द टाकला, आणि १९१२ मध्ये तेही कॉबकडे आले. १९३१ मध्ये कॉब वारला. पुढच्या वर्षी दोन्ही जहाजे पोर्ट्समथला आली. सुटीत मुले यायची, झोळ्यांत झोपायची, होड्या वल्हवायची. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने दोन्ही ताब्यात घेतली. नेहरू नगरच्या किल्ल्यात ते वाक्य लिहीत होते तेव्हा हिंदी कारागिरांनी बांधलेले एक जहाज पोर्ट्समथमध्ये तरंगत होते आणि नौदलात नव्याने आलेली इंग्रज पोरे त्यावर राबत होती.

युद्ध संपले तेव्हा ‘इम्प्लॅकेबल’ची अवस्था वाईट होती. ओक चिवट खरा, पण त्यातल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात आणि गोड्या पाण्याच्या ओलीने तो आतून कुजतो. सागाच्या अंगचे तेल लाकूडही राखते आणि लोखंडही. त्यात युद्धानंतरची टंचाई. इंग्लंडमध्ये रेशन चालू होते, घरे बांधायला लाकूड नव्हते. सरकारने जहाज फ्रान्सला देऊ केले, फ्रान्सकडेही पैसा नव्हता. २ डिसेंबर १९४९ ला ते वाइट बेटापलीकडे ओढून नेले. इंग्लंड आणि फ्रान्स, दोन्ही देशांची निशाणे एकत्र फडकत होती. सुरुंग उडवले. तळ फुटला, वजनासाठी भरलेले लोखंड खाली गेले, पण वरचा सांगाडा काही बुडेना. एकशे एकोणपन्नास वर्षांचे ते जहाज कितीतरी वेळ लाटांवर तसेच रेंगाळत राहिले. त्याचा मागचा कोरीव सज्जा आणि नाळेवरचा पुतळा आधीच काढून घेतला होता. दोन्ही ग्रिनिचच्या नौका-संग्रहालयात आहेत.

सागाचे श्रेय सागाला द्यायलाच हवे, पण नुसत्या लाकडाने ‘त्रिंकोमाली’ वाचली असे मला वाटत नाही. तिच्यावर १९८६ पर्यंत मुले येत राहिली, म्हणजे ती कामाची होती. आणि ‘इम्प्लॅकेबल’ बुडवल्याची रुखरुख इंग्रजांना इतकी लागली की पुढच्या काळात ‘कटी सार्क’सारखी जहाजे राखण्याच्या खटपटीला तिचा उपयोग झाला. १९८७ मध्ये ‘त्रिंकोमाली’ हार्टलपूलला नेली. दहाएक वर्षे तिची दुरुस्ती चालली, १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले. आज पाण्यावर तरंगत असलेले इंग्लंडचे ते सर्वांत जुने लढाऊ जहाज आहे आणि त्यातले निम्म्याहून जास्त लाकूड १८१७ चे, म्हणजे मुंबईत बसवलेले.

मुंबईत काय आहे? गोदी आहे, नौदलाच्या ताब्यात आणि चालू. जुन्या पिढीच्या कानावर ‘डफरिन’चे नाव असेल. १९२७ पासून मुंबई बंदरात उभ्या असलेल्या त्या जहाजावर हिंदी व्यापारी नौकांचे अधिकारी तयार झाले. १९७२ मध्ये त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली, आणि १९९३ पासून हे शिक्षण नेरुळला, जमिनीवरच्या ‘चाणक्य’मध्ये चालते. ‘डफरिन’ नाही, ‘राजेंद्र’ नाही. १९७१ च्या युद्धातली विमानवाहू ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे तिचे संग्रहालय होते. सरकारने हात वर केले, न्यायालयात धाव घेऊन झाली, आणि २०१४ मध्ये दारूखान्याच्या भंगारवाल्यांनी तिचे तुकडे केले. पैसा नव्हता, असेच आपल्याकडेही सांगितले गेले.

त्यातले काही पोलाद पुण्याच्या एका कारखान्याने घेतले. २०१६ मध्ये त्याचा अंश असलेली मोटारसायकल बाजारात आली, टाकीच्या झाकणावर ‘विक्रांत’चे चित्र. ती नगरच्या रस्त्यांवर अजून अधूनमधून दिसते. परवा किल्ल्यासमोरच एक उभी होती, मागे चाऱ्याची पेंढी बांधलेली.